आत्याबाईंचे डोहाळे

माझ्या सासूला दिवस गेलेत, ही बातमी मला साळुबाईनं झऱ्यावर दिली. साळुबाई म्हणजे माझी चुलतसासू, भिंतीला भिंत लागून घर. वाडीत कुणाच्या चुलीवर काय शिजलं आणि काय करपलं, हे तिला त्या घरच्या बाईच्या आधी कळायचं.

"नूतन, तुजी सासू माती खाती, ठावं हाय का तुला?" तिनं विचारलं.

"माती कुटली, चूल खात्यात," मी म्हणाले. "मी रोज सारवते, रोज एक कोपरा कमी."

"मंग? धावी शिकलीस नव्हं? बाया माती कवा खात्यात, त्ये न्हाई व्हय पुस्तकात?"

मी उचललेला हंडा परत खाली ठेवला. माझ्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. सगळ्या वाडीचं लक्ष माझ्या पोटाकडं लागलेलं, आणि माझ्या आधी सासूनं नंबर लावला होता. हसावं की तोंड लपवावं हे कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. आमची वाडी तळेघरच्या मागं डोंगरात आहे. माझं माहेर ओतूरच्या वरच्या अंगाला. तिथं बाजार, शाळा, यष्टी सगळं हाताशी. इथं यष्टी पकडायची तर आधी डोंगर उतरायचा, आणि उतरल्यावर ती येईलच असं नाही. पहिले काही महिने मी रोज मनातल्या मनात माहेरी पळून जायचे आणि संध्याकाळी भाकरी थापायला परत यायचे. मला इथं धरून ठेवलं ते आत्याबाईंनी. सासूला आमच्यात आत्याबाई म्हणतात. त्यांचं नाव अंबाबाई, वय चाळिशीच्या थोडं पुढं, आणि जीभ आमच्या रानातल्या हिरड्यासारखी, आधी तुरट आणि मागून बरं वाटायला लावणारी.

आवणीत, म्हणजे भाताची रोपं उपटून खाचरात लावायच्या दिवसांत, त्यांच्या हाताला वाडीत जोड नव्हती. आमच्याकडं एकमेकांच्या वावरात आळीपाळीनं राबायची रीत आहे, आज तुझं, उद्या माझं. आत्याबाईंना मात्र ज्याच्या त्याच्या खाचरात बोलावणं असायचं. बाकीच्या बाया एखाद्या दिवशी अंग चोरायच्या. ह्या पावसाळाभर चिखलात. पहिल्या दिवशी मी प्लास्टिकच्या चपला घालून खाचरात उतरले, तर त्यांनी बांधावरूनच हाक मारली.

"नूतन, लक्षुमीच्या अंगावर वहाना घालून चढतीस व्हय गं?"

मी चपला काढल्या. भाताच्या खाचरात आणि खळ्यावर आमच्याकडं कुणी पायात घालून जात नाही. माझे सासरे, मामंजी, तर बांधाच्या अलीकडंच वहाणा काढून आधी हात जोडायचे. संध्याकाळी सगळे चुलीपाशी पाय पसरून बसायचे आणि बोटांच्या बेचक्यांत मेंदीचा वाटलेला पाला भरायचे. पाय खाजायचे, पुरळ उठायचं. त्याला चिखल्या म्हणायचं आणि सोडून द्यायचं. चिखल्या झाल्या म्हणून कुणी दवाखाना गाठला असता, तर वाडी वर्षभर हसली असती.

त्याच पावसाळ्यात आत्याबाई मागं पडू लागल्या. रोपांची मूठ हातात धरून मधेच उभ्या राहायच्या, दुसरा हात कंबरेवर, डोळे मिटलेले. विचारलं तर म्हणायच्या, "अंधारी आली. जाईल." गणपती उठले तसा त्यांचा चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला, ओठ पांढरे पडले. झऱ्याचा चढ चढताना धाप लागून खाली बसायच्या. पाळी तर आवणीतच थांबली होती. आणि मग चूल कमी होऊ लागली. मी आधी घुशीवर आळ घेतला. एकदा दुपारी गवताचा भारा टाकून आत आले, तर आत्याबाई चुलीपाशी बसून एक ढेकूळ चघळत होत्या, लहान पोरीनं चिंच चोखावी तसं, अगदी मन लावून. मला पाहून त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

साळुबाईनं डोळे उघडल्यावर मला सगळं जुळल्यासारखं वाटलं. अंधारी, पाळी, सूज, माती. वाडीतल्या कुठल्याही बाईनं हेच जुळवलं असतं. आत्याबाईंनीही तेच जुळवलं होतं, आणि मामंजींनीही.

मामंजींचं नाव जानकू. उंच, वाळके, आणि बोलणं इतकं कमी की त्यातलं अर्धं बैलांशी. ते आता उजाडताच डोक्यावर हंडा घेऊन झऱ्यावर जाऊ लागले. पुरुषानं डोक्यावर हंडा घ्यायचा, म्हणजे साळुबाईला महिनाभराची बेगमी झाली. मी म्हटलं, "मामंजी, मी आनते की पानी." तर म्हणाले, "तू आन. ही माजी खेप." घोडेगावच्या बाजारातून ते भाजकी माती आणायचे. गरोदर बायकांसाठी बाजारात तसे मातीचे तुकडे विकायला असतात. ती धोतराच्या सोग्यात बांधून आणायची, आत्याबाईंच्या शेजारी ठेवायची, आणि "चुलीच्या मातीत राख आसती," एवढंच बोलून गुरांकडं निघून जायचं. आत्याबाई मानही वर करायच्या नाहीत. मामंजींची पाठ वळली की मग हात पुढं यायचा. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या त्या दोघांचा मला हेवा वाटायचा. माझा नवरा, रामदास, बोरी बुद्रुकला कांद्याच्या लागणीवर मजुरीला जायचा. येताना माझ्यासाठी शेवेची पुडी आणायचा आणि वाटेत अर्धी स्वतःच संपवायचा.

त्याला बातमी मीच दिली. त्यानं आधी पुडीतली उरलेली शेव संपवली.

"म्हंजी मी आता दादा व्हनार," तो म्हणाला. "तुज्याकडनं बाप व्हायची वाट बघत व्हतो."

मी हातातलं सूप त्याच्या पाठीत घातलं.

एका दुपारी आत्याबाई आणि मी नाचणीची कणसं खुडत बसलो होतो. त्या मधेच म्हणाल्या, "तुला लाज वाटती का गं माजी?"

"कशाची?"

"घरात सून, आन् सासूचं ह्ये आसं."

"आपन दोगी मिळून बाळंत व्हायचं, आसं माज्या मनात व्हतं," मी म्हणाले. "तुमीच थांबला न्हाई."

त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांना धाप लागली. धाप ओसरल्यावर त्यांनी मला सखूचं सांगितलं. रामदासच्या पाठीवर झालेली मुलगी. चालायला, बोलायला लागलेली, भाताच्या पेंढ्यावर लोळणारी. एका पावसाळ्यात तिला ताप भरला. मामंजी तिला पाठीशी बांधून तळेघरच्या वाटेनं पळत सुटले आणि अर्ध्या वाटेतून चालत परत आले. पाठीवरचं वजन बदललं, एवढंच ते घरी येऊन म्हणाले. त्यानंतर त्यांच्या तोंडून तिचं नाव कुणी ऐकलं नाही.

"ती परत येतीया," आत्याबाई म्हणाल्या. "सखूच हाय ही. ह्यास्नीबी ठावं हाय, पर ते बोलायचे न्हाईत."

मला रडू आलं. कणसांकडं बघत मी खुडत राहिले. त्या दिवसापासून मलाही ती पोरगी हवी झाली, अगदी मनापासून हवी झाली.

पण एक गोष्ट मला टोचत होती. माहेरी मी वहिनीचं पोटुशीपण पाहिलं होतं. पोट वाढलं तशी वहिनी अंगानं भरत गेली. आत्याबाईंचं पोट वाढत होतं, पाय सुजत होते, आणि खांदे, गळा, मनगटं वाळत चालली होती. "हालतंय का?" मी विचारायचे. "हालतंय की, सकाळच्या पारी," असं म्हणून त्या लगेच दुसऱ्या विषयावर जायच्या. वाडीत नर्सबाई आल्या, तेव्हा आत्याबाई गोठ्यात जाऊन बसल्या. "गोळ्या देत्यात त्या. गोळ्यांनी आतलं पडतं. सखूच्या येळंला म्या येक गोळी खाल्ली न्हाई," त्यांनी मला नंतर सांगितलं. दवाखान्यात दाखवून येऊ, म्हणून मी दोनतीनदा विषय काढला. दरवेळी मामंजी म्हणाले, "तिच्या मनाविरुद्ध नगं."

भाताची झोडणी चालू होती. रामदासही त्यासाठी घरी आला होता. आत्याबाईंना आम्ही सगळे बस म्हणत होतो, पण खळ्यावर बसून राहणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी एक पेंढी झोडायला डोक्यावर उचलली आणि ती तिथंच राहिली. आधी पेंढी खाली आली, मग आत्याबाई. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा छाती लोहाराच्या भात्यासारखी चालली होती, आणि ओठांना रंगच नव्हता.

"मामंजी, आता मनाचं विचारायचं न्हाई," मी म्हणाले. सासऱ्याशी वरच्या आवाजात बोलायची ती माझी पहिलीच वेळ. त्यांनी घोंगडी पसरली, बांबूला बांधून डोली केली. पुढून मामंजींनी खांदा दिला, मागून रामदासनं. डोंगर उतरताना मामंजी पुन्हा पुन्हा थांबून मागं वळून डोलीत बघत होते. ते काय बघत होते हे मला कळत होतं, म्हणून मी सारखी म्हणत राहिले, "बोलत्यात मामंजी, आत्याबाई बोलत्यात माज्याशी." तळेघरच्या रस्त्यावर एक जीप मिळाली आणि आम्ही घोडेगावचा सरकारी दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज शांत. त्यांनी आत्याबाईंची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाल असतं तिथं धुतलेल्या धोतरासारखं पांढरं होतं. मग नखं पाहिली, ती वाटीसारखी खोल झाली होती.

"कितवा महिना म्हणालात?"

"पाचवा सरला," आत्याबाई म्हणाल्या. दम नव्हता, पण तोरा होता.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवून पाहिलं, नळी लावून बराच वेळ ऐकलं, लघवी तपासली, रक्त तपासलं. मग मामंजींना, रामदासला आणि मला बाहेर बोलावलं.

"पोटात बाळ नाही," त्या म्हणाल्या. "ती सूज आहे, पाणी धरलंय. अंगात जेवढं रक्त लागतं त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा उरलाय. त्यानं हृदय थकलंय. रक्त जातंय कुठं, ते बघायला मला शौच तपासावं लागेल."

शौच तपासायचं म्हणजे काय, हे मामंजींना समजावण्याचं काम माझ्यावर आलं, कारण रामदास तोंड फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. सासऱ्याशी हा विषय काढणारी सून साऱ्या तालुक्यात मी एकटीच असेन. मामंजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काडेपेटीत चालंल का?"

चाललं. डॉक्टरीणबाईंनी ते काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि आम्हाला परत बोलावलं. जंत होते. अंकुशकृमी म्हणतात त्यांना, त्या म्हणाल्या. सुताच्या तुकड्याएवढे बारीक, आतड्याला दातांनी धरून बसतात आणि रक्त पितात. थोडे असले तर माणसाला कळतही नाही, पण शेकड्यांनी असले आणि वर्षानुवर्षं राहिले की माणूस असा पांढरा पडतो.

"जंत?" मामंजी म्हणाले. "पर ती गुळाला शिवत न्हाई वो. जंत पोरांना व्हत्यात, गोड खाऊन."

"हे गोडानं होत नाहीत, बाबा. पायातून येतात. तुम्ही परसाकडं कुठं जाता?"

"खाचराच्या वरच्या अंगाला. करवंदीच्या जाळीमागं."

"आणि खाचरात उतरताना पायात काय असतं?"

मामंजींनी आपल्या पायांकडं पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी मग सगळं नीट सांगितलं. जंतांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, ओल्या मातीत उबतात, पावसाच्या पाण्याबरोबर खाली वाहतात. त्यातून निघालेल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या बोटांच्या बेचक्यांतून अंगात शिरतात.

"चिखल्या," मी म्हणाले.

"सगळ्या नाही, पण त्यातल्या बऱ्याच खाजण्या ह्याच असतील."

"आन् त्यांना मातीचे डोहाळे लागले ते?"

"रक्त इतकं कमी झालं की माती खावीशी वाटते, पोटात बाळ असो नसो. पोटुशी बाई माती खाते तीही बऱ्याचदा त्याचमुळं." मग मामंजींकडं वळून म्हणाल्या, "ह्यात तुमचं कुणाचं चुकलेलं नाही. मीही ह्याच डोंगरातली असते तर हेच समजले असते."

त्यांनी आमच्याही पापण्या ओढून पाहिल्या. मामंजींची फिकट, रामदासची फिकट. माझी लाल. "ही नवीन दिसते तुमच्याकडं," त्या म्हणाल्या. रक्ताची बाटली पुण्याहून आणायची होती, म्हणून रामदास आणि मी पुण्याला गेलो. तिथं माझं रक्त काढून घेतलं आणि आत्याबाईंना जमणारं दुसऱ्या कुणाचं तरी दिलं. आत्याबाईंना हा हिशोब आजतागायत पटलेला नाही. त्यांच्या लेखी ते माझंच रक्त, आणि माझ्यावर चिडल्या की त्या आधी म्हणतात, तुजंच रगात बोलतंय हे.

बाटली त्यांनी आनंदानं चढवून घेतली. ओठांवर जरा रंग आला. "पोरीला हुईल," त्या म्हणाल्या.

तेव्हा मी त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं. बाळ नाही, जंत आहेत, औषध आहे. त्यांनी सगळं ऐकलं आणि तोंड भिंतीकडं केलं. "त्यांच्या नळीला काय कळतंय," म्हणाल्या. "माजं मला आतून कळतंय."

औषध म्हणजे एक पांढरी गोळी, चावून खायची. पुढं लोहाच्या गोळ्या पुष्कळ दिवस, पण आधी ही. आत्याबाईंनी दात आवळून घेतले. डॉक्टरीणबाई दोनदा येऊन समजावून गेल्या. आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी जबरदस्तीनं तोंडात घालू शकते, पण ती थुंकून टाकतील. जंत आत आहेत तोवर वरून रक्त घालणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतणं. आणखी एकदा असं कोसळल्या, तर मी काही करू शकणार नाही." रामदासनं आईचे पाय धरले. मग त्यानं आणि मामंजींनी आपापल्या गोळ्या त्यांच्यासमोर चावून खाल्ल्या. आत्याबाईंनी दोघांकडं पाहिलं. "तुमच्या पोटात काय हाय? तुमी खावा," त्या म्हणाल्या.

आत्याबाई बऱ्या झाल्या, हे आत्ताच सांगून टाकते. उगीच तुमचा जीव टांगणीला नको. लोहाच्या गोळ्यांनी त्यांच्या पापण्यांना हळूहळू लाली आली, चुलीचे कोपरे शाबूत राहू लागले, आणि पुढच्या आवणीला बांधावर उभं राहून मला रागवण्याइतका दम त्यांना आला. डॉक्टरीणबाईंनी वाडीत येऊन सगळ्यांना गोळ्या दिल्या, दर सहा महिन्यांनी देत राहिल्या. संडासाचे खड्डे खणले गेले. खाचरात पायात घालावं की नाही ह्यावरून वाडीत जी भांडणं झाली ती अजून पुरती मिटलेली नाहीत. आत्याबाई रबरी बूट घालतात, पण आधी बांधावर हात जोडून म्हणतात, "लक्षुमी, रागावू नगंस, डाक्टरनीनं सांगितलंय." हे सगळं झालं. पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं.

रामदास डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली औषधं आणायला गेला होता. वॉर्डात बाकी खाटा रिकाम्या होत्या. मामंजी आत्याबाईंच्या खाटेशेजारी स्टुलावर बसले होते, तळहातावर गोळी घेऊन. मी पायथ्याशी.

"खा," मामंजी म्हणाले.

"न्हाई."

"खा म्हनतो."

"आन् आत सखू आसली तर?" आत्याबाई म्हणाल्या. मामंजींसमोर ते नाव त्यांनी किती वर्षांनी घेतलं असेल कोण जाणे. "येकदा गेली ती. आता पुन्यांदा माज्या हातनं जाऊ दे म्हनता?"

मला वाटलं, आता मामंजी सांगतील की डॉक्टरीणबाईंनी तपासलंय, आत कुणी नाही. मी असते तर तेच सांगितलं असतं.

"तुज्या हातनं न्हाई," ते म्हणाले. "माज्या हातनं. मी भरवतो. पाप लागंल त्ये मला लागंल, देवाला जबाब मी दीन. पोर आसंल तर जाईल. वर गेल्यावर मी तिच्या पाया पडंन, सांगंन तिला. पर तू जायचं न्हाई. सखू गेली आन् मी जगलो, त्ये तू व्हतीस म्हनून. तू गेलीस तर कसं जगायचं, मला न्हाई ठावं."

इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आत्याबाईंनीही ऐकलं नसावं. त्या मामंजींकडं नवीन माणूस बघावा तशा बघत राहिल्या. मग त्यांनी तोंड उघडलं.

मामंजींनी गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली. "चावून," मी हळूच म्हणाले. आत्याबाई चावत होत्या आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि मामंजी आपल्या पंच्यानं ते टिपत होते. गोळी संपल्यावर त्यांनी पेला तोंडाला लावला, पाणी पाजलं, आणि आत्याबाईंची मान नीट उशीवर टेकवली. "पड आता," ते म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा होता. त्यांचं धैर्य बघून मला बरं वाटलं.

ते उठून बाहेर गेले. थोड्या वेळानं मी पेला विसळायला अंगणातल्या नळावर आले, तर ते तिथं लिंबाच्या झाडाला टेकून उभे होते. मला बघून त्यांनी हातानं जवळ बोलावलं. इकडं तिकडं पाहिलं. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले,

"नूतन, तू शिकल्याली हाईस. त्या गोळीनं, म्हंजी आत कुनी आसंल, तर त्याला लई दुखंल का गं?"

तेव्हा मला उमगलं, की डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्यांनाही पटलेलं नव्हतं. आत सखू आहे असंच त्यांना वाटत होतं, आणि तसं वाटत असताना त्यांनी ती गोळी भरवली होती.

"आत कुनी न्हाई, मामंजी," मी म्हणाले. "खरंच कुनी न्हाई."

"बरं," ते म्हणाले, आणि मान हलवत राहिले. सून सासऱ्याचा हात धरत नाही आमच्यात. मी धरला. आत आत्याबाईंना झोप लागेपर्यंत आम्ही दोघं त्या झाडाखाली तसेच उभे राहिलो.